हातभर अंतरावरचं गोणपाट

ये, असा जवळ सरक. माझ्याकडे मृदंग नाही, टाळ नाहीत, गळा तर कधीच नव्हता; तरी एक गोष्ट सांगतो, ती पुरती ऐकून जा. मध्येच उठू नकोस. कीर्तनातून मध्ये उठणाऱ्याच्या हाती अर्धीच गोष्ट लागते, आणि मी अशी एक अर्धी गोष्ट घेऊन वर्षभर जगलोय, दहा माणसांना सांगतही फिरलोय. गोष्ट एका एसीची आहे. हसलास? हस बाबा. मलाही सुरुवातीला हसूच आलं होतं, कारण अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यातल्या त्या दुपारी आमच्या बेलापूरच्या फ्लॅटच्या गॅलरीत, मशीनच्या मागच्या बाजूला उकिडवा बसून खलील मेकॅनिकने डोकं वर केलं आणि विचारलं, "कान्हाभाऊ, हिला मागनं पाणी कोण घालायचं?" आणि मी हसत म्हणालो, "पाणी? ती काय तुळस आहे?" ते हसू तोंडावरच विरलं. पाणी कोण घालायचं ते मला माहीत होतं.

खलील पनवेलकडचा, कोकणी मुसलमान, तीन पिढ्या मुंबईच्या वाटेवर. त्याला मी बोलावलं होतं ते जुनी मशीन काढून नवी कुठली घ्यावी एवढंच विचारायला. जुनी म्हणजे त्र्याण्णव साली एका ऑफिसच्या लिलावातून उचललेली, खिडकीत बसणारी, दीड टनाची. मी कारखान्यात बॉयलरवर, कायमची रात्रपाळी. सकाळी आठला घरी यायचं, अंघोळ, दोन घास, आणि नऊ ते पाच झोप. दिवसाची झोप ही रात्रीच्या झोपेची सावत्र बहीण आहे, ती घरात राहते पण आपली होत नाही. आमचा फ्लॅट तिसऱ्या माळ्यावर, पश्चिमेला तोंड, दुपारी एकनंतर ऊन भिंतीतून आत येतं असं वाटायचं. म्हणून मशीन. झोपायच्या खोलीची जी खिडकी गॅलरीत उघडते तिच्यात ती बसवली, म्हणजे तिचं तोंड माझ्याकडे आणि पाठ गॅलरीत. आणि गॅलरीला, सेक्टरमधल्या सगळ्यांसारखंच आम्हीही ग्रिल ठोकून घेतलं होतं, वर पत्रा, बाजूला काचा, एक जादा खोली झाली म्हणून. त्या जादा खोलीत माझी आय राहायची.

पुतळाबाई. दिवाळे गावची कोळीण. बाप गेला, होडी विकली, आणि मी तिला गावातून उचलून सेक्टरात आणली. अंतर किती, चालत पंधरा मिनिटं. पण तिला ते परदेशासारखं होतं. गुडघे चालत होते तोवर ती रोज सकाळी दिवाळ्याला जाऊन टोपली भरून बाजारात बसायची, मग गुडघ्यांनी नाही म्हटलं आणि ती गॅलरीत बसली. माझी बायको निशिगंधा सरकारी कचेरीत टायपिस्ट, ती साडेनऊला जायची ती सहाला यायची. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघंच, मी आणि आय, आणि आमच्यामध्ये ती मशीन. तोंड माझ्याकडे, पाठ तिच्याकडे. हे वाक्य मी तेव्हा कधी असं मनात म्हटलं नव्हतं. आता म्हणतो, रोज.

खलील मला समजावत होता, आणि मी ऐकत होतो ते लोक प्रवचन ऐकतात तसं, मान हलवत, मन दुसरीकडे. "दुकानदार तुम्हाला टन विचारेल," तो म्हणत होता, "टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे. एक टन बर्फ पुऱ्या दिवसात वितळताना जेवढी गरमी पितो, तेवढी गरमी ही मशीन ओढते. तुमची खोली केवढी, दहा बाय बारा. एक टन पुष्कळ. लोक दीड घेतात, दोन घेतात, शेजाऱ्याला दाखवायला. मोठी मशीन भसकन गार करते आणि बंद पडते, ओल मारतच नाही, मग अंगाला चिकचिक." बर्फ हा शब्द आला तेव्हा मी वर बघितलं. बर्फाच्या लाद्या, भुशात पुरलेल्या, आयच्या हातातला बर्फ फोडायचा टोच्या, टोपलीत पापलेटावर पसरलेला चुरा आणि त्याच्यावर ओलं गोणपाट. "एसी गार बनवत नाही हां," खलील सांगत होता. "गार कोणालाच बनवता येत नाही, ते त्या वरच्याचं काम. ही नुसती हमाल आहे. आतली गरमी पाठीवर घेते आणि बाहेर नेऊन टाकते. आता हमालाला उतार दिला की कमी दमतो, चढ दिला की जास्त खातो. मागे जेवढी गरमी तेवढा चढ. म्हणून पाटीवर दोन आकडे असतात ते बघायचे. किती गरमी ओढते, आणि त्यासाठी किती वीज खाते. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर जेवढं मोठं, तेवढी मशीन इमानी. हे दुकानात कोणी विचारत नाही, सगळे रंग बघतात."

कीर्तनात पूर्वरंगात बुवा तत्त्व सांगतात आणि उत्तररंगात त्याची कथा. मला लहानपणापासून पूर्वरंगात डुलकी यायची, आय मांडीला चिमटा काढायची, "जागा ऱ्हा, बाला, आता कानी येल." दिवाळ्याच्या देवळात माघात कीर्तन असलं की ती पहिल्या रांगेत, मासळीचे हात राख लावून धुतलेले, तरी वास यायचा, आणि शेजारच्या सेक्टरातल्या बायका जरा सरकून बसायच्या. तिला त्याचं काही नव्हतं. "देव सोताच दर्यावरचा हाय," म्हणायची, "त्याला मावऱ्याचा वास कशाला लागंल?" मी कीर्तनवेडा तिच्यामुळेच. सेवेवर निरूपण चाललं की माझ्या डोळ्यांतून पाणी. आणि घरी येऊन खोलीचं दार लावून घेणार, एसीची कळ दाबणार, आणि गॅलरीत तिच्या अंगावर माझ्या खोलीची सगळी ऊब ओतणार. मला कधी सुचलंच नाही. खोटं सांगत नाही तुला. एकदा सुचलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात विचारलं होतं, "आय, मागनं गरम लागतं का गं?" ती म्हणाली, "गुडग्यांना बरा हाय शेक." आणि मी ते धरून बसलो, माणूस सोयीचं वाक्य धरतो तसं. ती जाईपर्यंत.

दुसऱ्या उन्हाळ्यापासून तिने गोणपाटं लावायला सुरुवात केली. दिवाळ्याहून आणलेली, बर्फाच्या वखारीतली, काळपट. ग्रिलला आकडे अडकवून पडद्यासारखी सोडायची आणि दुपारभर त्यांच्यावर पाणी मारायची. ओल्या तागाचा वास, त्यात जुन्या बर्फाचा, जुन्या मासळीचा. निशिगंधा नाक दाबायची पण बोलायची नाही. बोलले ते सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर. "मिस्टर कान्हा, खाली आमचे पापड वाळत घातलेत, वरून गंगा कसली सोडता? ही सोसायटी आहे, फिश मार्केट नाय." मला लाज वाटली. आयची नाही म्हणत मी, पण वाटली. "काय लावलंयस हे?" मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "तुज्या मशीनला तान लागते रं. बरफाला ऊन दाखवलंस तं बरफ ऱ्हातंय का?" "आय, त्या डब्यात बरफ नाय, तो विजेवर चालतो." "चालू दे का विजेवर. ऊन ते ऊन." असे ते संवाद. मग मी ते लोकांत सांगून हसवायचो. कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत: आमची म्हातारी एसीला पाणी पाजते. सगळे हसायचे. मी सांगायचो छान.

आणि शेवटच्या वर्षी तर माझी खात्रीच झाली की तिचं डोकं फिरत चाललंय, कारण पाणी. गॅलरीतच, तिच्या हाताशी, बोअरचा नळ होता, कपडे धुवायचा. तो सोडून ती स्वयंपाकघरातून कळशी भरून आणायची, प्यायचं पाणी, लंगडत, भिंत धरत, पंधरा पावलं. "अगं नळ शेजारी आहे ना!" "त्या नलाचं नको." का नको ते नाही. तिला कारणं सांगायची सवय नव्हती, कोळणीला गिऱ्हाईक कारण विचारत नाही, भाव विचारतं. सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये एका सकाळी कामावरून आलो तर जिन्यातच श्यामसुंदरनी धरलं, वर जाऊन मी काही न बोलता चारही गोणपाटं ओढून काढली, गुंडाळी करून दाराबाहेर टाकली, आणि म्हणालो, "इथे बाजार मांडायचा नाय आता." तिने माझ्याकडे बघितलं, नुसतं. गिऱ्हाईक मासा उचलून, नाक मुरडून परत टोपलीत टाकतं तेव्हा ती बघायची तसं. मी झोपायला गेलो. दार लावलं. कळ दाबली.

मी झोपल्यावर तिने ती परत आत आणली. परत टांगली. मग कळशी. कितव्या कळशीला पाय घसरला ते कोण सांगणार. निशिगंधा सहाला आली तेव्हा ती गॅलरीच्या उंबऱ्यात आडवी होती, खुबा मोडलेला, कळशी लांब, फरशी केव्हाच वाळलेली. म्हणजे बराच वेळ. आणि मी आत. गार अंधारात, एका कुशीवर. पाचला उठणारा मी त्या दिवशी सव्वासहाला उठलो, निशिगंधाने हलवलं तेव्हा. इतकी गाढ झोप मला वर्षात लागली नव्हती. पुढं अकरा दिवस ती इस्पितळात होती आणि तिथेच गेली; त्या अकरा दिवसांत मी एकदाच विचारायला धजलो, "आय, हाक का नाय मारलीस?" तिने डोळे न उघडता सांगितलं, "तुला रातची डूटी हाय ना रं."

डॉक्टरांनी विचारलं, काही विसरणं, भ्रम? मी सांगितलं, हो. नळ शेजारी असताना स्वयंपाकघरातून पाणी आणायची. मशीनला तहान लागते म्हणायची. त्यांनी लिहून घेतलं. आणि मला तुला हे सांगताना जीभ जड होते, की ते लिहून घेतलं गेलं तेव्हा मला हलकं वाटलं. वेड्या माणसाचं पडणं हे कोणाच्या माथी येत नाही. बुवांनाही मी तेच सांगितलं. तेराव्याला दिवाळ्याच्या देवळात तिच्यासाठी कीर्तन ठेवलं, आणि बुवांनी, भल्या माणसाने, ते गोड करून सांगितलं: "शेवटी शेवटी माउलीला देहाचं, जगाचं भान उरलं नव्हतं, दगडाला पाणी घालावं तसं ती यंत्राला पाणी घालायची." बायका पदराने डोळे पुसत होत्या. आयची जोडीदारीण सखू, बर्फाच्या वखारीतली, तेवढी उठून गेली. मला राग आला होता, कीर्तनातून उठली म्हणून.

"इकडे या," खलील म्हणाला. त्याने मशीनच्या पाठीच्या जाळीवर बोट फिरवलं आणि मला दाखवलं. "खाडीचा वारा. दोन वर्षांत ही जाळी खाल्ली जाते, भुगा होतो. तुमच्या बोअरचं पाणी लागलं असतं तरी तेच, ते खारट, चाखून बघा. आणि ही पाच वर्षं जुनी, अजून बोटाला टोचते. ज्याने पाणी मारलंय त्याने गोडं मारलंय." समोर तो बोअरचा नळ होता, त्याच्या तोंडाशी पांढरी खरपूड. तिथे ती खरपूड पाच वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती. जन्मभर मिठाच्या पाण्यात हात घालणाऱ्या बाईला मी सांगत होतो, नळ शेजारी आहे. "आणि हे पडद्याचे आकडे बघा," खलील उठून ग्रिलपाशी गेला, त्याने मशीनपासून त्या आकड्यांपर्यंत आपला हात धरून बघितला, कोपरापासून बोटांपर्यंत. "बरोब्बर हातभर. पडदा चिकटवून लावला असता तर मशीन गुदमरली असती. लांब लावला असता तर ऊन आत घुसलं असतं. वरनं गरम वारा जायला वीतभर मोकळं सोडलंय. कोण कारागीर होता? कंपनीचा?"

कंपनीचा. गोणपाटं मी तेव्हाच फेकून दिली होती, पण तागाच्या दोऱ्याच्या गाठी अजून आकड्यांना होत्या. जाळ्याची गाठ. ओढली की घट्ट बसते, भिजली की अजून घट्ट.

मी म्हणालो, "खलीलभाई, लावून बघायचं का?" तो म्हणाला, "काय?" मी आत गेलो, गहू साठवायचं एक गोणपाट उसवलं, स्वयंपाकघरातून कळशी भरून आणली. पंधरा पावलं. मला ती मोजावीशी वाटली नव्हती, पण पाय मोजत होते. खलीलने पितळी डबीतला तापमापक मशीनच्या मागे धरला होता, सेहेचाळीस. वायरीला त्याने चिमट्यासारखं मीटर लावलं होतं, त्यात काटा अकरावर. मी गोणपाट त्या आकड्यांना अडकवलं, हात वर करून. ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी, तिला पाट घ्यावा लागत असेल, मोडक्या गुडघ्यांनी पाटावर. वरून पाणी सोडलं. ताग काळा झाला. वास आला. आणि मग मी थांबलो, आम्ही दोघेही थांबलो, मी दुसरी कळशी आणली, तिसरी, आणि पाच-सात मिनिटांनी खलील म्हणाला, "अडतीस. काटा बघा, साडेनऊ," पण मी काटा बघत नव्हतो. मी ऐकत होतो.

आवाज बदलला होता. वर्षभर ती मशीन कण्हत होती, दात खाऊन ओझं उचलावं तशी. मी गॅस भरून घेतला, पट्ट्या साफ केल्या, विजेचं बिल महिन्याला साठ-सत्तर युनिटांनी चढलं तेव्हा म्हटलं म्हातारी झाली, बदलू. आणि आता तो आवाज खाली उतरला, सपाट, जाड, एकसुरी, सुरू असून नसल्यासारखा. माझे डोळे मिटायला लागले. खरंच सांगतो, उभ्या जागी, भर दुपारी, मेकॅनिकच्या समोर. हा माझ्या झोपेचा आवाज होता. चार उन्हाळे ज्याच्यात मी बुडून झोपलो तो मशीनचा आवाज नव्हताच. तो तिचा होता. भिंतीपलीकडे ती पाणी मारत बसायची, ते मी रोज ऐकत होतो आणि एकदाही ओळखलं नाही. आणि ज्या दिवशी ती उंबऱ्यात पडली त्या दिवशीही, पडायच्या आधी, तिने गोणपाटं चिंब करून ठेवली होती. म्हणून मला इतकी गाढ झोप लागली.

खलीलने माझ्या खांद्याला हात लावला. "बसा, कान्हाभाऊ. कोण होतं?" मी म्हणालो, "आय." त्याने तापमापक डबीत ठेवला. "माझी अम्मी पन अशीच होती," एवढंच म्हणाला. जाताना पैसे घेतले नाहीत. दारात वळून म्हणाला, "नवी घ्या, एक टनाचीच घ्या, ही आता तशीही थकली. पन पाटीवरचा आकडा कंपनीच्या गार खोलीतला असतो, एवढं ध्यानात ठेवा. बाकीचं घरातल्या माणसावर."

दुसऱ्या दिवशी मी झोपलो नाही. दिवाळ्याला सखूच्या वखारीत गेलो. ती बर्फाच्या लादीवर गोणपाट ओढत होती, माझ्याकडे न बघता. "काय पायजे?" "गोनपाटं." "आता?" म्हणाली. एकच शब्द. मग चार काढून माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, "दर साली पुतला नेयाची. मी इचारलं, पोराच्या घरान कंचा बरफ गं तुजा? तं बोलली, त्याची दिसाची झोप. तिला ऊन लागलं का गेली." तिने पदर तोंडाला लावला. "आनि तू देवलात बसून तिला येरी ठरवलीस, मेल्या."

नवी मशीन आली. एक टनाची, भागाकार करून घेतलेली. निशिगंधा म्हणते बिल निम्म्यावर आलं. ग्रिलचे आकडे तेच आहेत, गोणपाटं मी टांगतो, झोपायच्या आधी आणि दोन वाजता गजर लावून उठून एकदा. दोन वेळा पाणी मारताना माझी दमछाक होते, ती दिवसभर मारायची. श्यामसुंदरना मी खालच्या माळ्यासाठी पन्हळ करून दिली, हे तेव्हाही करता आलं असतं, अर्ध्या दिवसाचं काम.

पुढच्या सप्ताहात बुवांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "माझ्या तोंडून चुकीची कथा गेली. पण ती दुरुस्त करायचा अधिकार माझा नाही. काल्याच्या कीर्तनात मी थांबेन, तू उठून सांग." ते थांबले. देऊळ भरलेलं, झांजा हातात धरलेल्या, सखू पहिल्या रांगेत, जिथे आय बसायची त्याच्या शेजारी. मी उठलो. "माझी आय," म्हणालो, आणि सखूशेजारच्या त्या जागेकडे बघत उभा राहिलो. सगळे वाट बघत राहिले. बुवांनी बराच वेळ वाट बघितली, मग हळूच टाळ वाजवला. मी खाली बसलो.

म्हणून तुला बोलावलं. देवळात जे राहिलं ते इथे एका माणसापुढे तरी पुरं होऊ दे. आता ऊठ, जा, तुला उशीर झाला असेल. फक्त एवढं कर. कुठल्याही बाजारात, उन्हात, बर्फावर ओलं गोणपाट अंथरलेलं दिसलं, तर क्षणभर थांब आणि दिवाळ्याच्या पुतळाबाईची आठवण काढ. शहाणी होती, असं मनात म्हण. शेवटच्या कळशीपर्यंत शहाणी होती.